पलीकडच्या गोगलगायी

दळवी काका पहिल्यांदा माझ्या पार्लरमध्ये आले ते नेलपॉलिश मागायला. आत दोन बायका फेशियल लावून डोळे मिटून पडल्या होत्या, तिसरीची एक भुवई झाली होती आणि एक व्हायची होती, आणि हे दारात उभे. दारावर 'फक्त महिलांसाठी' अशी पाटी आहे. ती त्यांनी वाचली, चष्मा पुसून परत वाचली आणि पायरीवरच थांबले.

"मी आत येत नाही," म्हणाले. "लाल नेलपॉलिश पाहिजे. पाण्याने न जाणारं."

"काकूंना का?" मी विचारलं.

"नाही. गोगलगायींना."

एका भुवईवाली उठूनच बसली. मला वाटलं चेष्टा करतायत, म्हणून मी हसत बाटली पुढे केली. तर ह्यांनी ती उजेडात धरली, खिशातून काचेचा तुकडा काढला, त्यावर ब्रशने एक पट्टा ओढला, फुंकर मारून वाळवला आणि नखाने खरवडून बघितला. "कच्चा माल आहे," म्हणाले. "आठ दिवसांत पापुद्रा सुटेल. गिऱ्हाइकं तक्रार करत नाहीत तुमची?"

तेही तीन गिऱ्हाइकांसमोर! माझं पार्लर तेव्हा नवीन होतं. असा संताप आला म्हणून सांगू! पण बाई माणूस असून मी गप्प बसले, आणि जे क्वचितच घडतं ते काकांच्या वाट्याला पहिल्याच दिवशी आलं.

नंतर कळलं की हा माणूस अंबरनाथच्या एमआयडीसीत रंगाच्या कारखान्यात टेस्टिंगला होता. रंग वाळतो कसा, उडतो कसा, उन्हात फिका पडतो कसा, ह्यातच त्यांची सगळी नोकरी गेली. शिकले होते प्राणिशास्त्र, नोकरी लागली रंगात. त्यात नवल काही नाही. मी स्वतः बी. कॉम. आहे आणि भुवया कोरते.

आमची सोसायटी बदलापूरला, पूर्वेला, कात्रपमध्ये. दोन विंगा, मधे पार्किंग. रस्त्याच्या बाजूला माझं पार्लर आणि मागच्या बाजूला तळमजल्यावर काकांचं घर. एकटेच राहायचे. काकू दिसत नव्हत्या आणि घरात हार घातलेला फोटोही दिसत नव्हता. त्यामुळे नेमकं काय समजायचं ते कोणालाच कळत नव्हतं. विचारायचं तरी कसं? सोसायटीत लोकांनी आपापल्या सोयीने ठरवून टाकलं होतं. निम्म्यांनी त्यांना विधुर केलं होतं आणि निम्म्यांनी ब्रह्मचारी.

तर गोगलगायी. आमची सोसायटी उभी आहे तिथे पूर्वी भातशेती होती. मग मधून सिमेंटचा रस्ता गेला. रस्त्याच्या अलीकडे आमची बिल्डिंग झाली, पलीकडे एक मोकळा प्लॉट तसाच पडून राहिला, गवत आणि दगडांनी भरलेला. पावसाळ्यात दोन्हीकडे शंखवाल्या गोगलगायी निघतात. काका सकाळी छत्री घेऊन बाहेर पडायचे आणि अलीकडच्या गोगलगायींच्या शंखावर लाल ठिपका द्यायचे, पलीकडच्यांना निळा. येणारे-जाणारे थांबून बघायचे. टँकरवाले हॉर्न मारायचे. काका उकिडवे बसून, जीभ किंचित बाहेर काढून, अगदी नवरीची नखं रंगवावीत इतक्या निगुतीने ठिपका द्यायचे. माझ्याकडे कामाला ठेवलं असतं तर मुलींनी झक मारली असती त्यांच्यापुढे.

मी एकदा विचारलंच, "काका, कशाला हे?"

"ज्योती, मधे काय आलं ते बघ आधी," म्हणाले.

हे त्यांचं पालुपद. भाजी महागली, मधे काय आलं ते बघ. सून सासूशी बोलत नाही, मधे काय आलं ते बघ. टीव्ही दिसत नाही, तर तेव्हा तर खरंच मधे कबूतर आलं होतं, डिशच्या पुढ्यात घरटं करून.

"समज, एक शेत आहे," ते म्हणाले. "शेतभर एकाच घराण्याच्या गोगलगायी. मधून रस्ता गेला. आता इकडच्या तिकडे जाऊ शकत नाहीत, तिकडच्या इकडे येऊ शकत नाहीत. इकडे कुंड्या, सावली, ओल. तिकडे ऊन, दगड, गवत. मग इकडच्या इकडच्यासारख्या होत जातात, तिकडच्या तिकडच्यासारख्या. कोणी ठरवून नाही. थोडं थोडं, दर पिढीला. शंख जरा जाड होतो, रंग जरा फिका पडतो, बाहेर पडायची वेळ जरा बदलते. असं करत लाख वर्षं गेली आणि कोणी तो रस्ता उखडून टाकला, तरी..."

"तरी काय?"

"तरी भेटून उपयोग नसतो. एकमेकींच्या शेजारून निघून जातात. ओळखच पटत नाही. तेव्हा म्हणायचं, नवी प्रजाती झाली." समोर ढगात चंदेरीचा डोंगर अर्धा दिसत होता, तिकडे त्यांनी छत्रीचं टोक केलं. "त्या कड्यावर अडकलेली एखादी पाल असेल आणि तिकडे माथेरानच्या पठारावर दुसरी. दोघींची पणजी एकच. मधे दरी आली, संपलं. कुठे समुद्र येतो मधे, कुठे नदी वाट बदलते. एवढे बेडूक, एवढे खेकडे जगात वेगवेगळे कसे झाले? बरेचसे असेच झाले."

"अहो पण काका, लाख वर्षं बघायला बसणार कोण?"

"म्हणून तर आत्ताच सुरुवात केली," काका म्हणाले, आणि पुढच्या गोगलगायीकडे सरकले.

त्यांना बघायचं होतं ते एवढंच, की ह्यातली एखादी तरी रस्ता ओलांडते का. एकदा एक निळ्या ठिपक्याची निघाली होती. काका रस्त्याच्या कडेला हात उंच करून उभे, रिक्षा थांबवतायत, टँकर थांबवतायत, माझ्या गिऱ्हाइकांच्या स्कूट्या थांबवतायत. ती बिचारी कशीबशी डिव्हायडरवर चढली आणि कुठून तरी भारद्वाज उतरला, उचलून घेऊन गेला. लोक म्हणतात भारद्वाज दिसला की दिवस चांगला जातो. काकांनी त्या दिवशी घराचं दार उघडलं नाही.

हे वेड गोगलगायींपुरतं असतं तर ठीक होतं. पण काका माणसांनाही सोडायचे नाहीत. सोसायटीच्या मीटिंगमध्ये उभे राहून म्हणाले, पार्किंग झाल्यापासून ए विंग आणि बी विंगच्या आमटीत फरक पडला आहे. ए विंग गूळ घालायला लागली. वरच्या मजल्याची लिफ्ट महिनाभर बंद होती तेव्हा म्हणाले, चौथ्या मजल्यावरच्यांची चाल बदलते आहे. खरवईला नवीन टॉवर झाले, तिकडे राहायला गेलेलं एक कुटुंब सहा महिन्यांनी भेटायला आलं, तर काका त्यांना न्याहाळत बसले आणि माझ्या कानात म्हणाले, "आवाज चढलाय बघ. उंचावर वारा असतो." सेक्रेटरी तर त्यांना बघितलं की जिना बदलायचा.

महिन्यातून एकदा मी पार्लरचं सामान आणायला उल्हासनगरला जाते. काका बरोबर यायला लागले. तिथला आमचा होलसेलवाला सिंधी शेठ म्हणजे बोलघेवडा माणूस. त्याने पहिल्याच दिवशी बाटली आपटून दाखवली. "साईं, ये पक्का माल है. बर्तन मांजो, कपडा धोओ, नहीं जाएगा."

"गोगलगाय बर्तन नहीं मांजती," काका गंभीरपणे म्हणाले.

शेठने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

पण पुढे त्या दोघांचं असं जमलं की मला सामान घेऊन ताटकळत बसावं लागायचं. एकदा शेठ सांगत होता, फाळणीत त्याचे आजोबा इकडे आले आणि आजोबांचा भाऊ तिकडेच राहिला. आता इतक्या वर्षांनी त्या भावाचा नातू फोनवर सापडला. "बोली तो अपनी ही है, साईं. पर आधे लफ्ज मेरे समझ में नहीं आए. मैं कुछ बोलूँ तो वो हँसे, वो बोले तो मैं हँसूँ."

काका काउंटरवर ओणवेच झाले. "म्हणजे बदल सुरू झाला! किती वर्षं झाली? दोन-तीन पिढ्या? बघ ज्योती, मधे काय आलं ते बघ!" आणि मग एकदम आवाज खाली आणून विचारलं, "लेकिन फोन जल्दी रख दिया क्या?"

"काहे का जल्दी! दो घंटा बात किया. मेरी बीवी सो गई."

परत येताना काका खिडकीबाहेर बघत बसले. कात्रपला उतरल्यावर पिशवी माझ्या हातात देताना म्हणाले, "दोन तास बोलले, ज्योती. आधे लफ्ज समजत नसताना." मला तेव्हा त्यात विशेष काही वाटलं नाही. मी हिशोबाच्या नादात होते, हेअर कलरचं एक पाकीट कमी आलं होतं.

एक गोष्ट मात्र सगळ्यांच्याच लक्षात आली होती. काका बदलापूर पश्चिमेला कधी जात नाहीत. उल्हासनगरला जातील, कल्याणला जातील, पार चामटोलीच्या ओढ्यावर खेकडे बघायला जातील, पण स्टेशनपलीकडे पाऊल टाकणार नाहीत. मोतीबिंदूसाठी कोणीतरी पश्चिमेचा डॉक्टर सुचवला, तर हे अंबरनाथला जाऊन ऑपरेशन करून आले. मी म्हटलं, "अहो काका, पुलावरून दहा मिनिटं रिक्षाने! तिकडचा डॉक्टर काय चावतो?"

"पूल आहे ना मधे," म्हणाले.

"पूल मधे येत नाही. पूल जोडायला असतो."

"चढावा लागतो," काका म्हणाले, आणि चष्मा पुसत बसले. आम्हाला वाटलं हाही कसलातरी प्रयोग असेल. स्वतःलाच पूर्वेला कोंडून घेऊन बघत असतील काय होतं ते. ह्या माणसाचा काय नेम!

गेल्या श्रावणात काकांना डेंगी झाला. आम्हीच अंबरनाथला दवाखान्यात भरती केलं, आळीपाळीने डबे नेले. पडल्या पडल्यासुद्धा जीव गोगलगायींत. "एकही ओलांडत नाही, ज्योती," सारखं तेच. ताप डोक्यात गेलेला, ओठ सुकलेले, आणि म्हणे, "इतकी वर्षं बघतोय. एकही ओलांडत नाही."

मला इतकं वाईट वाटलं. घरी आले आणि चार बायकांना गोळा केलं. म्हटलं, त्या ओलांडत नाहीत तर आपण आणू की! म्हातारा घरी येईल तेव्हा खूश झाला पाहिजे. संध्याकाळी प्लास्टिकच्या बादल्या घेऊन आम्ही पलीकडच्या प्लॉटमध्ये शिरलो. गुडघाभर गवत, चिखल, एकीची चप्पल तिथेच रुतली ती अजून आहे. चामटोलीहून आमच्याकडे कामाला येणारी शेवंता रस्त्यावर उभी राहून ओरडली, "अवो वहिनी, हे खाताव का तुम्ही?" पण आम्ही हटलो नाही. दिसेल ती निळ्या ठिपक्याची गोगलगाय बादलीत. बिनठिपक्याचीसुद्धा बादलीत. आणि सगळ्या आणून काकांच्या खिडकीखाली, कुंड्यांमध्ये सोडून दिल्या. वर काकडीच्या फोडी टाकल्या. आपल्याकडे पाहुणा आला की त्याला काहीतरी द्यायला नको?

दोन दिवसांनी काकांना रिक्षातून घरी आणलं. मी म्हटलं, "काका, आधी डोळे मिटा." हाताला धरून मागच्या बाजूला नेलं. "आता उघडा!"

काकांनी डोळे उघडले. कुंड्यांवर, भिंतीवर, पाइपवर, सगळीकडे लाल आणि निळे ठिपके. आम्ही पाच जणी टाळ्या वाजवायच्या तयारीत उभ्या. काकांचा चेहरा पांढराफटक पडला. मला वाटलं परत चक्कर आली.

"कोणी आणल्या ह्या?" त्यांनी विचारलं.

"आम्ही! सगळ्यांनी मिळून!"

"सगळ्या?"

"एक ठेवली नाही तिकडे!"

काका कठड्यावर बसले. "मिसळून टाकलंत," एवढंच म्हणाले. "मला बघायचं होतं की आपण होऊन कोणी येतं का. उचलून आणलेलं चालत नाही गं त्यात. एवढी वर्षं थांबलो होतो आणि तुम्ही बादलीत घालून आणलंत." मग उठले, आत गेले आणि दार लावून घेतलं. मी रडकुंडीला आले. बाकीच्या चौघींपैकी एक जण म्हणाली, म्हाताऱ्याला कशाची किंमतच नाही. मी तिच्यावर खेकसले, कारण स्वतःवर खेकसता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला माझ्या घराची बेल. काका. अंगात ताकद नाही, भिंतीला धरून उभे, डोळे लाल. "चल," म्हणाले. "लवकर चल." मला वाटलं आता काय दाखवतायत, मेल्या की काय सगळ्या!

अळूच्या कुंडीच्या कडेला दोन गोगलगायी होत्या. एकीच्या शंखावर लाल ठिपका, एकीच्या निळा. एकमेकींना चिकटून, इतक्या की मधून कागद जाणार नाही. हलत नव्हत्या.

"भांडतायत का?" मी विचारलं.

"जोडी आहे ती, वेडे." काकांचा आवाज चिरकला. "रात्रभर आहेत अशा. ओळखलं गं त्यांनी. अजून ओळखतात."

आणि हा सत्तरीचा माणूस, सगळ्या सोसायटीला लाख वर्षांचे हिशोब ऐकवणारा, अळूच्या कुंडीजवळ बसून ढसाढसा रडायला लागला. दूधवाला पिशवी घेऊन आला होता तो तसाच मागे फिरला. मी काकांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले आणि बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "सुनंदा पश्चिमेला असते. मांजर्लीला. माझी बायको."

तर काकू होत्या! दहा मिनिटांवर!

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. काकूंची आई मांजर्लीला एकटी राहायची. म्हातारी पडली, मांडीचं हाड मोडलं. काकू एकुलत्या एक, आईला बघायला गेल्या. महिन्या-दोन महिन्यांचा प्रश्न होता. पण म्हातारी अंथरुणाला खिळली ती काही वर्षं तशीच राहिली. सुरुवातीला काका रोज जायचे. मग आठवड्याने. मग रोज फोन, जेवलीस का, जेवलात का. त्यांच्या कारखान्याची पाळी असायची, तिकडे काकूंचं रात्रीचं जागरण, वेळा जुळेनात. मग फोनही सणासुदीला. शेवटी म्हातारी गेली. चौदाव्याचं जेवण झालं, पाहुणे पांगले, काका चपला घालून म्हणाले, "मी निघतो मग," आणि काकू म्हणाल्या, "बरं."

"आणि?"

"आणि काय? मला वाटलं आवराआवर करून येईल चार दिवसांत. आलीच नाही. मग वाटलं, तिला तिकडेच बरं वाटत असेल. तिची सवय बदलली असेल. भांडण झालं असतं ना ज्योती, तर मिटवता आलं असतं. भांडणच नाही झालं. ह्या गोष्टीला आता कित्येक वर्षं झाली. आधी जायचं सुचलं नाही, मग जायची लाज वाटायला लागली, आणि आता भीती वाटते. गेलो आणि तिने दार उघडून विचारलं, कोण पाहिजे, तर?"

माझं डोकं मात्र त्या चौदाव्याच्या दिवशीच अडकलं होतं. "काका, तुम्ही म्हणालात, मी निघतो?"

"हो."

"तुम्ही 'चल' नाही म्हणालात?"

"तिला घर माहीत आहे की आपलं!"

मी कपाळावर हात मारून घेतला. "अहो काका! बाई माहेरी गेली की तिला न्यायला जातात! ती स्वतःहून पिशवी घेऊन येत नसते! माझं लग्न होऊन पंधरा वर्षं झाली, माझं माहेर अंबरनाथला, एक स्टेशन, तरी दिवाळीला मी तोंड फुगवून बसते नवरा न्यायला येईपर्यंत. त्या वाट बघत असतील तुमची!"

"न्यायला?" काका माझ्याकडे बघतच राहिले. "पण रिक्षा आहेत ना."

"रिक्षा!" मी अशी किंचाळले की बी विंगच्या दोन खिडक्या उघडल्या. "आपण होऊन कोण येतं ते बघत बसलात रस्त्यावर एवढी वर्षं! अहो, तुम्ही ओलांडला का कधी रस्ता? उठा. अंघोळ करा. आत्ताच्या आत्ता जायचं."

त्यांनी खूप कारणं दिली. अशक्तपणा आहे, दाढी वाढली आहे, गुरुवार आहे. मी एक ऐकलं नाही. दाढी त्यांची मी स्वतः केली, माझ्या पार्लरच्या खुर्चीवर बसवून, पाटीवर टॉवेल टाकून. त्या खुर्चीवर बसलेला पहिला पुरुष. दोन अपॉइंटमेंट्स होत्या, त्यांना सांगितलं पोटात दुखतंय.

रिक्षा पुलावर चढली तसे काका पुढचा दांडा घट्ट धरून बसले. खाली स्टेशनच्या रुळांकडे बघितलंसुद्धा नाही. मांजर्लीत शिरल्यावर त्यांना बिल्डिंग आठवेना. जिथे वखार होती तिथे सात मजली इमारत उभी, जिथे वळण होतं तिथे शाळा झालेली. दोनदा चुकलो. त्यांच्या कपाळाला घाम सुटला. "बघितलंस, सगळं बदललं," पुटपुटायला लागले. "परत जाऊ या, ज्योती." मी रिक्षावाल्याला म्हटलं, "भैया, इनका मत सुनो, आगे लो." शेवटी एका औषधांच्या दुकानात विचारलं तेव्हा सापडलं.

दुसरा मजला. बेल मीच वाजवली, ते वाजवणारच नव्हते.

दार उघडलं. बारीक अंगाच्या, केस आखूड कापलेल्या, सुती गाऊनवर ओढणी घेतलेल्या बाई. त्यांनी आधी मला बघितलं, मग माझ्या मागे जिन्याच्या कठड्याला धरून उभ्या असलेल्या माणसाला. बराच वेळ बघत राहिल्या. काकांचा श्वास मला ऐकू येत होता. मनात म्हटलं, देवा, एवढं एकच वाक्य ह्यांच्या तोंडून येऊ देऊ नकोस, कोण पाहिजे.

"बारीक झालात," काकू म्हणाल्या.

"डेंगी झाला होता," काका म्हणाले.

"कळवायचं नाही?"

काकूंनी दाराची कडी हाताने तशीच धरून ठेवली होती. बाजूला झाल्या नाहीत, या म्हणाल्या नाहीत. मग अगदी सरळ, भाजीचा भाव विचारावा तसं विचारलं, "भेटायला आलात का न्यायला आलात?"

मला माहीत होतं ह्या माणसाला कुठल्याही प्रश्नावर अर्धा तास बोलता येतं. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं.

"न्यायला," काका म्हणाले.

"मग बसा," काकू म्हणाल्या. "साडी बदलून येते."

आणि आत गेल्या. बस्स, एवढंच! मी आपली तयारीत होते, रडारड होईल, बोलाचाली होईल, मला मधे पडावं लागेल. आम्ही दोघं खुर्च्यांवर बसलो. आतून कपाट उघडल्याचा आवाज आला. काकांनी माझा हात धरला.

"घरात दूध नाहीये, ज्योती," ते माझ्या कानात म्हणाले. "साखरही नाही. मी आणतच नाही, मधुमेह झाल्यापासून. गेल्या गेल्या तिला चहा लागेल."

"मी देते माझ्याकडची. काळजी करू नका."

"तिला दोन चमचे साखर लागायची." ते थांबले. "अजून लागत असेल का गं? का बदललं असेल?"

"मला काय माहीत, काका? विचारा ना त्यांनाच."

ते उठले. दोन पावलांवरचं आतलं दार, पण तिथे पोचायला त्यांना वेळ लागला. पडद्याशी उभे राहून त्यांनी घसा खाकरला. "सुनंदा," हाक मारली. मग जरा मोठ्याने, "सुनंदा, साखर किती घेतेस आता?"

आत बांगड्यांचा आवाज होत होता तो थांबला.

"आधी घरी तर न्या!" आतून काकू कडाडल्या. "दारात उभे राहून चौकशा कसल्या करताय?"

काका वळले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडभर हसत होते. डोळे पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

"तीच आहे," मला म्हणाले. "ज्योती, तीच आहे गं."